उष्टा गोल

ताटात शेवटची करंजी उरली होती. थोरल्या वल्लरीचा हात पोचायच्या आत धाकट्या अन्वीने ती उचलली, तिला जीभ लावली आणि जाहीर केलं, "येत्स्ट मायने!" आता माझी!

"उष्टी केलीस?" त्यांची आई नंदिनी ओरडली. "ताईसाठी ठेवली होती ना ती!"

खालच्या मजल्यावरचा डारिओ फराळाला आला होता. एकेकाळी इटलीहून हॅनोव्हरच्या क्लबात आलेला स्ट्रायकर. आता पासष्टीला टेकलेला, वोल्फ्सबुर्गच्या पोरींना फुटबॉल शिकवणारा ट्रेनर. आज अंगात कोट होता आणि कोटावर जुन्या क्लबाचा बिल्ला.

"उष्टी म्हणजे?" त्याने जर्मनमध्ये विचारलं.

नंदिनी अडखळली. जर्मनमध्ये याला शब्द कुठून आणायचा? "म्हणजे बघा, वस्तू दुसऱ्याची असते. आपण तिला नुसतं तोंड लावायचं. खायचीसुद्धा गरज नाही. मग ती त्याला परत देता येत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," डारिओ म्हणाला. चोराच्या मनात चांदणं. तो उगाच बिल्ला चाचपत बसला.

वल्लरी रुसून टॅब्लेटवर त्याचा तो प्रसिद्ध गोल लावून बसली होती. कॉर्नरवरून चेंडू आला. डारिओच्याच संघातल्या उवे नावाच्या उंच बचावपटूने उडी मारून डोक्याने तो गोलाकडे लोटला. गोलरक्षक आडवा पडलेला, खांबाजवळचा खेळाडू नुसता बघत उभा. चेंडू रेषेपासून वीतभर राहिला, तेवढ्यात डारिओचा पाय मधे आला. मग डारिओ हात पसरून धावत सुटला आणि सगळं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडू लागलं.

वल्लरीने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. "ट्रेनर, पण हा आतच जात होता. तुम्ही कशाला पाय लावलात?"

तीस वर्षांत हे त्याला एकाही पत्रकाराने विचारलं नव्हतं. स्ट्रायकर म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

"माझं नाव लागावं म्हणून," डारिओ म्हणाला. "उवे अकरा वर्षं खेळला. गोल एकही नाही. माझे एकशे नऊ."

"त्यांना राग नाही आला?"

"मला उचलून घ्यायला सगळ्यांत आधी तोच धावला."

एकशे आठ झाले असते तर काय बिघडलं असतं? हे त्याला त्याच दिवशी, बूट काढताना कळलं होतं. उवेला ते सांगायला पुढची तीस वर्षं मिळाली. बोलू बोलू म्हणता ती गेली.

"मग सांगून टाका ना त्यांना," नंदिनी म्हणाली.

"फेब्रुवारीत गेला तो. आज हॅनोव्हरच्या क्लबात कार्यक्रम आहे, तो त्याच्याच आठवणीचा. त्याची बायको पहिल्या रांगेत बसेल. तिनेच फोन केला होता. म्हणाली, डारिओ, तुझा तो गोल सांग, उवेला ती गोष्ट फार आवडायची."

 अन्वीला काय कळलं कोण जाणे, तिने करंजी हळूच ताईच्या ताटलीत ठेवली. वल्लरीने ताटली परत सरकवली.

"नाइन, नाही. मला नको आता."

डारिओ त्या करंजीकडे बघत राहिला.  "अशा वस्तूचं मग काय करतात तुमच्यात?"

"काय करणार?" नंदिनी म्हणाली. "टाकायची नाही. ज्याने उष्टी केली त्यानेच संपवायची."

दार उघडून नंदिनीचा नवरा कुमार आत डोकावला. डारिओला हॅनोव्हरला तोच सोडणार होता. "निघू या? ऑटोबानवर गाड्यांचा श्टाउ लागायच्या आत पोचू. आज तुमच्या तोंडून तो गोल ऐकायचाय मला!"

डारिओने मान हलवली, बिल्ला सरळ केला आणि तो बूट घालायला दाराशी वाकला. नाडी काही केल्या बांधली जाईना.

मागे टेबलाशी अन्वी अर्धी करंजी हातात धरून बसली होती.

"आई," ती रडवेली होऊन म्हणाली, "ही गोड नाही लागत गं."