हरवलेलं हँडल

लष्करी चौकशीच्या खोलीत समितीच्या अध्यक्षाने कर्नलपुढे जबाबाचा आयता कागद सरकवला. एकाच बराकीत वाढलेले ते दोघे दोस्त. "पूल उडवायचा हुकूम मिळाला, पण सुरुंगाच्या यंत्राचं हँडल तासभर हरवलं होतं, एवढंच लिहिलंय. सही कर आणि सूट." "नाही केली तर?" "हुद्दा जाईल, गाढवा! शत्रू उरावर आला होता. वाट कुणाची बघत होतास?" "पलीकडे अडकलेल्या माझ्या चाळीस पोरांची. शेवटचा लंगडत अलीकडे आला, तेव्हाच उडवला पूल." कर्नलने खिशातून लोखंडी हँडल काढून कागदावर आपटलं. अध्यक्षाचा चेहरा पडला. "हे तुझ्याकडेच होतं?" "तासभर मुठीत धरून उभा होतो, कुणी घाईत फिरवू नये म्हणून. हरवलं कसं म्हणू?" त्याने स्वतःच्या हाताने खांद्यावरचे हुद्द्याचे पट्टे सोडले आणि हँडलशेजारी ठेवले. "दोन्ही सरकारी. घे जमा करून. पोरं मात्र घरी पोचली."