मुळांच्या वाट्याची साखर

उपचार संपवून कुसुमावती जयलक्ष्मीपुरममधल्या घरी परतल्या, तेव्हा त्यांचे यजमान गुंडुराव यांनी परसातल्या आंब्याची फोड त्यांना भरवली. या झाडाचा आंबा इतका गोड कधीच लागला नव्हता. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या कुसुमावतींना शंका आली. भिंतीचा आधार घेत त्या परसात गेल्या. बुंध्याभोवतीची वीतभर साल कुणीतरी गोल सोलून काढली होती.

“अय्यो! हे कुणी केलं?”

“मीच, थंडीत,” गुंडुराव म्हणाले. “तूच सांगायचीस ना, पानांत तयार झालेली साखर सालीतून मुळांकडे उतरते म्हणून? ती वाट तोडली की साखर वर फळांतच राहते.”

“अहो, पण मुळं उपाशी मरतील! पुढच्या वर्षापर्यंत अख्खं झाड वाळून जाईल.”

“पुढच्या वर्षी हे आंबे मी भरवू कुणाला?”

बोलून गेल्यावर गुंडुरावांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. डॉक्टर काय म्हणाले होते, ते कुसुमावतींना अजून कुणीच सांगितलं नव्हतं.