मिक्सर लाव

दार भावोजींनी उघडलं. ते हसत होते.

"या, कलाकार, या. तुझीच वाट बघत होतो."

फोनही त्यांनीच केला होता, ये म्हणून. एरवी ते मेव्हण्याला कधी फोन करत नसत. तो सोफ्याच्या कडेला टेकला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बस, पाणी आणते, असंही ती म्हणाली नाही.

तो गावातल्या लहानसहान रेडिओ स्टेशनांसाठी विनोदी तुकडे आणि प्रोमो बनवायचा. लिहायचा तोच, आवाजही बरेचसे त्याचेच. आजवर कशाचं फारसं नाव झालं नव्हतं. 'साहेबांचा फोन' मात्र गाजला. संशयी साहेब ऑफिसातून घरी फोन करतो. बायको म्हणते, घरीच आहे. साहेब म्हणतो, "मिक्सर लाव." मिक्सर फिरतो, तेव्हा कुठे साहेबाचा जीव भांड्यात पडतो. आता दुकानात, कॉलेजात, बसथांब्यावर लोक एकमेकांना म्हणत होते, मिक्सर लाव.

मूळ गोष्ट ताईचीच. एकदा बोलता बोलता तिने सांगितली होती, हसत, हाताने डोळे पुसत. डोळ्यांत पाणी हसण्याने आलं असेल, असं तो धरून चालला होता.

"ऐक," भावोजी म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर तोच तुकडा लावला. साहेबाचा आवाज त्याचा स्वतःचा होता, पण या खोलीत तो त्याला ऐकवेना. भावोजींनी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं.

"छान करतोस. आमच्या ऑफिसात शिपाईसुद्धा म्हणतो. मीही हसलो सगळ्यांबरोबर."

मग त्यांनी शेवट पुन्हा लावला. मिक्सर थांबताना एक बारीक किंचाळी उमटली.

भावोजी आत गेले. ताईने त्यांना वाट दिली. त्यांनी मिक्सर आणून टीपॉयवर ठेवला, वायर लावली, बटण फिरवलं. रिकामं भांडं थरथरत फिरलं. बंद करताना तीच किंचाळी.

"वॉशर गेलाय," ते म्हणाले. "मीच आणणार होतो. राहून गेलं."

आवाज खरा हवा म्हणून त्यानेच एका दुपारी इथे येऊन तो रेकॉर्ड केला होता.

"मिक्सर काय, सगळ्यांकडेच असतो, भावोजी."

"असा नसतो."

भावोजींनी वायर काढली आणि हाताभोवती नीट गुंडाळायला घेतली. "मला राग नाही आला. तुला हे कोणी सांगितलं, एवढंच मी हिला विचारलं. म्हणते, ठाऊक नाही. असू दे. तू चहा घे आणि नीघ. मग आम्ही दोघं बोलू निवांत."

ताईने चौकट घट्ट धरली होती. ती भावाकडे बघत नव्हती. भावोजींच्या हाताकडे बघत होती.

आपण उठून गेलो तर काय होईल, हे त्याला एकदम समजलं. आणि ते आज पहिल्यांदाच होणार नव्हतं, आधीही होत आलं होतं, हेही. तो उभा राहिला. आवाज कसा लावायचा ते त्याला येत होतं.

"ताई, चप्पल घाल. आमच्या तुकड्यात बायकोचं काम करते, तिचा घसा बसलाय. उद्याचा भाग आजच व्हायला हवा. मी स्टेशनवर सांगून आलोय, ताईला आणतो म्हणून."

"ही कुठे येणार?" भावोजी म्हणाले. "हिला काय येतंय?"

"तुम्ही म्हणाल तसं. पण सगळे वाट बघतायत. का नाही आली, विचारतील. मी काय सांगू, नवऱ्याने सोडलं नाही? ती बोलघेवडी माणसं, भावोजी. साहेब कोण ते उद्या गावभर होईल. तुमच्या ऑफिसातही."

भावोजींचं हसू तसंच राहिलं, पण आता ते धरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

"किती वेळ लागेल?"

"काम होईपर्यंत."

ताईने पर्स घेतली नाही, केस सारखे केले नाहीत. मोबाइल तेवढा मुठीत होता. चपला दुसऱ्या हातात घेऊनच ती बाहेर पडली. दोघं जिना उतरली. वरून दार लागल्याचा आवाज आला नाही. म्हणजे ते दारातच उभे होते.

"परत आणून सोडणार आहेस?" रस्त्यावर आल्यावर तिने हळूच विचारलं.

"नाही."

ती खाली बसली आणि चपला घालू लागली. पट्टा लवकर लागेना.

सुट्टी असल्यामुळे रेडिओ स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं. त्याने आपल्याजवळच्या किल्लीने बाहेरचं दार उघडलं, आतून कडी घातली, तिला रेकॉर्डिंगच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. तिचा मोबाइल टेबलावर थरथरू लागला. थांबला. पुन्हा थरथरला. शेवटी तिनेच तो बंद केला, आणि काहीतरी फोडल्यासारखी दाराकडे बघत राहिली.

"इथलं बाहेर ऐकू जातं?"

"नाही. भिंतीच तशा आहेत."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, ताई."

"मग तू जरा बाहेर थांब."

तो बाहेर आला. जड दार आपोआप मिटलं. काचेतून त्याला ती उभी राहिलेली दिसली. तिने दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, खांदे हलू लागले. तोंड मिटेचना. काचेच्या अलीकडे नुसता पंखा फिरत होता.