गोमतीचा ससा

हळदीकुंकवाला यजमानीणबाईंनी शरयूला कुंकू लावलं आणि शेजारी बसलेल्या गोमतीला म्हणाल्या, “आईनंतर तुझा नंबर हं.”

गोमती खुदकन हसली. पन्नाशीच्या जुळ्या बहिणी त्या! शरयूच्या अंगाची लाही लाही झाली.

गोमती जे क्रीम लावायची, त्यामुळे लावणाऱ्या बाईचं म्हातारपण क्रीमच्या कंपनीतल्या एका सशाच्या अंगावर जायचं. तिने शरयूलाही एक डबी दिली होती.

घरी आल्या आल्या शरयूने ती उघडली. काय गोड वास! बोट बुडवणार, तोच ससा चाचपडत पायाशी आला. गोमतीचंच म्हातारपण अंगावर घेतलेला ससा. कंपनीने टाकून दिला, म्हणून शरयूने घरी आणलेला. वर्षाचाही नव्हता, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

तिने डबी केरात फेकली. जळफळाट मात्र तसाच राहिला.

“ये बाबा,” सशाला मांडीवर घेत ती म्हणाली, “माझ्या वयाचा आता तूच एक उरलास.”