ब्रॅनरचे ब्रिकमेन

बेसबॉलच्या सामन्यात सातव्या डावाच्या विश्रांतीत वर्ना कोवाचला मैदानात बोलावलं, तेव्हा अख्खं ब्रॅनर गाव उभं राहिलं.

"बघाच, आज मालकाला बदकासारखं चालायला लावते ही!" मागच्या रांगेतून बर्निस ओरडली. लोक खदखदून हसले.

नव्या मालकाला संघाचं नाव बदलून 'नाचरी बदकं' ठेवायचं होतं. म्हणे, त्या नावाच्या टोप्या खपतात. वर्नाचा सासरा आणि नवरा, दोघांचंही आयुष्य वीटभट्टीत गेलं. भट्टी कधीच थंड झाली. तिचं नाव सांगणारा हा 'ब्रिकमेन', म्हणजे वीटवाल्यांचा, संघ तेवढा उरला होता. दर उन्हाळ्यात मोठ्या संघात जाण्याची स्वप्नं घेऊन परगावची पोरं यायची. वर्नाच्या माडीवर राहायची, तिच्या भरल्या कोबीला नावं ठेवायची आणि पातेलं चाटूनपुसून साफ करायची. नावासाठी तिनं चर्चपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळं गाव उठवलं होतं.

मालक व्हिटलो हसत पुढं आला. माइकवर तळवा ठेवून हळूच म्हणाला, "जिंकलात, मिसेस कोवाच. ब्रिकमेन हे नाव तुमचं. मी हात लावणार नाही."

वर्नाचे डोळे भरून आले. "देव तुमचं भलं करो. उगाच तुम्हाला चोर म्हणत फिरले हो मी! पुढच्या उन्हाळ्यात दोन पोरं जास्त पाठवा. माडी मोकळीच आहे."

"माडीची तसदी नको आता," तो म्हणाला. "संघ इथून हलवून पार कॅरोलिना राज्यात नेतोय. नवं मैदान तयार आहे. तिकडच्या लोकांना बदकं फार आवडली."

तिला काही विचारायचं होतं. पण त्यानं तळवा काढला होता.

"मंडळी, ब्रिकमेन हे नाव कायम ब्रॅनरचंच राहील!"

टोप्या हवेत उडाल्या. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. बर्निस तर रडायलाच लागली. "बोल गं वर्ना, बोल! आमची वाघीण!"

व्हिटलोनं माइक तिच्या हातात दिला. सगळं गाव गप्प झालं.

"ब्रिकमेन," ती म्हणाली.

गावानं दसपट आवाजात साथ दिली. मग पुन्हा सगळे थांबले, ती पुढं काय सांगते ते ऐकायला.

"ब्रिकमेन," वर्ना म्हणाली.