मागची चार चाकं

१९९४ची गोष्ट. आदल्या वर्षी मंडळाचा गणपती आणताना टायर फुटला, म्हणून आमच्या ह्यांनी अंगणातच पिकअपला मागे दोनाऐवजी चार चाकं बसवली. इंजिनिअर माणूस, सगळं मोजलं. फक्त फाटक राहिलं. चतुर्थीच्या सकाळी रुंद झालेली गाडी बाहेरच निघेना आणि गणपती मूर्तिकाराकडे खोळंबला.

मधल्या भिंतीच्या वादावरून ह्यांच्याशी अबोला धरलेले शेजारचे कानडी नंजप्पा पहार घेऊन आले. "माझं गेट मोठं आहे, अण्णा. भिंत स्वल्प पाडू या, सरी?"

गणपती वेळेवर आला.

 

पुढे पिकअप जवळच्या आनेकल गावात विकली, दोघे म्हातारे त्या भगदाडात खुर्च्या टाकून शेवटपर्यंत चहा पीत भांडले, आणि आमची सुखदा नंजप्पांच्या मुलाचा हात धरून तिथूनच सासरी गेली.