नवीन जर्सी

मॅच संपली तरी गावच्या कबड्डी संघाच्या ग्रुपवर निकेतच्या पगाराचीच चर्चा चालू होती.

"उद्या बर्फ कारखान्याच्या शेठला सरळ सांग, पगार वाढवा न्हायतर चाललो," दिपेशनं लिहिलं. "स्वतःवर भरोसा ठेव."

"सांगतो. पण न्हाय वाढवला तरी सोडता येणार न्हाय रे. आईचं डायलिसिस हाय," निकेतनं लिहिलं.

सकाळी तो शेठसमोर उभा राहिला. न अडखळता बोलला. "न्हायतर चाललो," हेही म्हणाला.

शेठनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आईचं डायलिसिस कुठल्या वारी असतं रे?"

निकेतला आठवलं, संघाला जर्सी शेठनीच दिल्या होत्या. आभार मानायला त्यांना ग्रुपमध्ये त्यानंच घेतलं होतं.